दुखण्याचा साठावा हिस्सा

एका केळ्याला अकरा हात लागलेले मी पाहिले आहेत. केळं साधंच, थोडं काळं पडलेलं. पलंगावर अर्धांगवायूची म्हातारी. तिला गिळता येत नव्हतं, नाकातल्या नळीतून आम्ही तिला पातळ पेज घालत होतो. आणि तिच्या तोंडासमोर ते केळं धरून अकरा जण दात काढून उभे. ‘अम्मा, इधर देखो, इधर!’ अम्मा कुठे बघणार? तिची मान वळत नव्हती. फोटो निघाला, केळं उशाशी पडलं, अकरा जण पुढच्या पलंगाकडे सरकले. याला फळवाटप म्हणतात.

संपादकांनी मला सांगितलं, ‘सिस्टर, नोकरीतले काही प्रेरणादायी अनुभव लिहा.’ प्रेरणादायी हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. तेव्हा वाचणाऱ्यांनी आधीच समजून असावं की हा लेख रागानं लिहिलेला आहे. निवृत्त झाले, केस पांढरे झाले, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. राग काही गेला नाही.

मध्य प्रदेशात, बालाघाटातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी जन्मभर नर्स होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या इमारतीशी नाही. बायकांचा वॉर्ड हे माझं राज्य. बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्स म्हणजे सुई टोचणारी. सुई टोचायला कितीसा वेळ लागतो? आमचा दिवस जातो तो माणूस कुशीवर वळवण्यात. निजून असलेल्याला वेळेवर वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात, त्या हाडापर्यंत जातात. तोंड पुसणं, ओठांना ओला कापूस लावणं, चादर ओढून सुरकुती काढणं, कारण अशक्त माणसाला चादरीची सुरकुतीही टोचते. यातल्या कशाचाही फोटो निघत नाही. वारासिवनीच्या एका भातगिरणीवाल्या शेटनं आमच्या वॉर्डाबाहेर थंड पाण्याचं यंत्र बसवलं होतं. त्याच्यावर शेटच्या आईवडिलांच्या नावाची पाटी अशी, की तोटी शोधावी लागे. उद्घाटनाच्या आठवड्यातच ते बंद पडलं. पाटी मात्र आमची आया रोज पुसत असे, तसा हुकूमच होता. त्याच वॉर्डात पाणी कमी पडलं की ती आया स्वतः खालच्या नळावरून बाटल्या भरून आणी. तिची पाटी कुठेच नाही.

‘सिस्टर, आप ईसाई हो ना?’ हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला. नर्स आणि घरातली नावं बायबलातली, म्हणजे ख्रिस्तीच, असा लोकांचा हिशोब. मी ज्यू आहे. बेने इस्राएल. माहेर रेवदंड्याकडचं, मायबोली मराठी. आमच्याकडच्या जुन्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणत, कारण ते घाणा चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. लग्न होऊन मी इकडे आले, कारण यजमान भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत मोजणीच्या कामाला होते. इकडे ना आमचं प्रार्थनालय, ना आमची माणसं. सामुदायिक प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. बालाघाटात आम्ही दोघं, त्यातला पुरुष एक.

पहिल्या वर्षी मी रडले. आईला म्हटलं, ‘इथं देवाचं काही करताच येत नाही गं.’ आई म्हणाली, ‘प्रार्थनेला दहा लागतात. मित्स्वाला एक माणूस पुरतो.’

मित्स्वा म्हणजे देवानं सांगितलेलं काम. आता लोक त्याला सत्कर्म म्हणतात, पण सत्कर्म म्हटलं की करणारा मोठा वाटायला लागतो. मित्स्वात करणारा मोठा नसतो, काम मोठं असतं. आणि ते बहुतेक वेळा दिसायला अगदी किरकोळ असतं. माझी आई आजारी शेजारणीकडे पेज पाठवायची ती मागच्या दारानं, पुढच्या ओटीवर माणसं बसलेली असायची म्हणून. मी एकदा विचारलं, ‘का गं? कुणी पाहिलं तर काय झालं?’ आई म्हणाली, ‘आपण दिलं हे दिसलं तर तिनं घेतलं हेही दिसतं.’ तिला शाळा फारशी झाली नव्हती, पण आमच्या धर्मातली दानाची सगळी शिकवण या एका वाक्यात बसते. आणखी एक गोष्ट ती सांगायची. आजाऱ्याला भेटायला जाणारा त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो. औषध नाही, फळं नाही, नुसतं जाऊन बसायचं. आमच्या ज्ञानी लोकांनी हे फार पूर्वी लिहून ठेवलं आहे. मी नर्सिंग शिकले तेव्हा याला हसले होते. मग सुगंधाबाई भेटली.

सुगंधाबाई भरवेलीच्या खाण कामगारांच्या वस्तीतली, बौद्ध घरातली विधवा. नवरा खाणीत होता. माहेर भंडाऱ्याकडचं. दुपारी जेवणखाण आटोपून ती शेअर ऑटोनं दवाखान्यात यायची आणि जिच्याजवळ कुणी नसेल अशा बाईच्या पलंगाशी बसायची. हातात एक कंगवा आणि खोबरेल तेलाची बाटली. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी विचारलं, ‘कुणाच्या तुम्ही?’

‘कोनाचीच नाही.’

‘मग इथं कशाला बसलात?’

‘सिस्टर, मागच्या साली मी याच वॉर्डात पडली होती. बाजूच्या बाईकडं सारं गाव येऊन राह्यलं होतं अन् माह्याकडं एक मानूस नाही. तवा मले समजलं, दुखनं परवडते, पन दरवाजाकडं पाहत राहनं परवडत नाही. म्हनून येतो.’

मी दारावरच्या रखवालदाराला सांगून ठेवलं, या बाईला अडवायचं नाही.

ती बोलायची कमी. केस विंचरायची. दवाखान्यात पडलेल्या बाईचे केस ही काय गोष्ट आहे, हे पुरुष डॉक्टरांना कधी कळलं नाही. आठ दिवस उशीवर घासून त्यांची जटा होते. खाज येते, वास येतो, आणि बाईला आपलीच किळस वाटायला लागते. आम्हाला वेळ नसायचा. सुगंधाबाईला होता. तिनं हात लावला की ज्या बाया औषधाला तोंड फिरवायच्या त्या तासाभरानं गोळी गिळायच्या. हे मी पाहिलं आहे. यात चमत्कार नाही आणि पुस्तकातलं औषधशास्त्रही नाही. साठावा हिस्सा म्हणतात तो हाच असेल, असं मला वाटायला लागलं.

एका सकाळी सरिता आली. हे नाव मी दिलेलं आहे. गावही सांगणार नाही. कटंगीकडची, शेतकरी घरातली, विशीतली पोरगी. विषारी औषध प्यायलेली. का प्यायली ते मला पुढे कळलं, पण ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. सुदैवानं घरच्यांनी लगेच आणलं होतं. नळी घालून पोट धुतलं, वर औषधं सुरू झाली. त्या औषधांनी तोंड लाकडासारखं कोरडं पडतं, माणूस बरळतो, हातपाय झाडतो. दोन दिवस आम्ही तिला अक्षरशः धरून ठेवलं. ती वाचली.

वाचली म्हणजे श्वास चालू राहिला, एवढंच. शुद्धीवर आल्यावर तिनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवण नाही, बोलणं नाही. बाप तिला सोडून गेला तो परत आला नाही. भाऊ यायचा, दाराशी उभा राहायचा आणि जायचा. आणि येत कोण होतं? बघे. दुसऱ्या रुग्णांकडे आलेले लोक हिच्या पलंगापुढे थबकायचे. ‘यही है क्या, जिसने दवाई पी?’ ‘शादी हुई है क्या इसकी?’ तिच्या कानावर पडेल अशा आवाजात. मी हाकलायचे, ते पुन्हा यायचे. माशा परवडल्या.

सुगंधाबाई तिच्याजवळ बसली. केसांत उलटी वाळून सगळी गुठळी झाली होती. आया म्हणाली, ‘काट दो सिस्टर, नहीं सुलझेंगे.’

‘कापू नोका,’ सुगंधाबाई म्हणाली. ‘आदीच तिच्या मनात काय काय तुटलं असन. केसं तरी राहू द्या.’

तिनं कोमट पाण्यानं डोकं धुतलं, तेल लावलं आणि एकेक बट सोडवायला घेतली. एक दुपार गेली, दुसरी गेली. तिसऱ्या दुपारी मी औषधाची गाडी ढकलत होते तेव्हा भिंतीकडून आवाज आला, ‘मावशी, हळू ना. दुखते.’

सुगंधाबाईनं कंगवा वर धरला आणि मला हाक मारली, ‘सिस्टर! दुखते म्हंते पोरगी! दुखाले लागलं म्हंजे जगाले लागलं!’

त्या संध्याकाळी सरितानं भाताच्या पेजेचे चार घास घेतले. सुगंधाबाईच्या हातून.

दोनच दिवसांनी भैयाचा वाढदिवस आला. भैया म्हणजे आमच्या भागातला एक तरुण पुढारी. खरं नाव काही का असेना, सगळे भैयाच म्हणत. सकाळपासून दवाखान्याच्या फाटकावर त्याचे फलक लागले होते. मोठे साहेब, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर, स्वतः त्याला घेऊन वॉर्डात आले. मागे पंधरावीस पोरं, फळांच्या टोपल्या, हातात मोबाईल.

मी आडवी आले. ‘साहेब, फळं द्या, फोटो नको. इथं बाया झोपल्यात, कुणाचे कपडे सुटलेत.’

‘सिस्टर, दो मिनट की बात है. इतनी छोटी बात का बखेड़ा मत करो.’

ते आत गेले. सरिताच्या पलंगाशी आले तेव्हा तिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. भैया पिशवी धरून उभा. पोरांतला एक म्हणाला, ‘भैया, फेस नहीं आ रहा.’ आणि त्यानं वाकून चादर ओढली. अशी, सोफ्यावरचा अभ्रा काढावा तशी. सुगंधाबाई मध्ये आली, तर दुसऱ्यानं तिला दंडाला धरून बाजूला केलं. ‘अम्मा, फ्रेम से हटो.’ मी पोहोचेपर्यंत फोटो निघाला होता. सरिताचा चेहरा मी पाहिला. विष पोटात असताना तो इतका पांढरा नव्हता.

संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळीकडे पोहोचला. खाली मजकूर, की भैयांनी विष प्यायलेल्या बहिणीला भेटून जगण्याची हिंमत दिली. मजकुरावरून गाव ओळखू येत होतं, फोटोवरून मुलगी ओळखू येत होती. दुसऱ्या दिवशी भाऊ आला, आणि या वेळी दाराशी थांबला नाही. पलंगाशी येऊन ओरडला, ‘पूरे गाँव ने देख लिया! अब घर मत आना!’ आणि निघून गेला. सरितानं हातातली सलाईनची सुई उपटली आणि पलंगावरून उतरून जिन्याकडे चालायला लागली. वर गच्ची होती. आयानं तिला कमरेला मिठी मारून अडवलं. सुगंधाबाई जमिनीवर बसली आणि तिनं पोरीचे दोन्ही पाय धरून ठेवले. चादरीवर, फरशीवर, सुगंधाबाईच्या लुगड्यावर, माझ्या गणवेशावर रक्त.

आमच्या धर्मात एक गोष्ट फार स्पष्ट सांगितली आहे. चारचौघांत एखाद्याचा चेहरा शरमेनं पांढरा पाडणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं. लहानपणी मला हे अतिशयोक्त वाटायचं. त्या दिवशी तेच मी फरशीवर पाहिलं.

मी तशीच, त्याच डागांच्या कपड्यांनी साहेबांच्या खोलीत गेले. ‘तो फोटो काढून टाकायला सांगा. आत्ता. आणि भैयाला म्हणावं, या पोरीच्या घरी जाऊन माफी माग.’

साहेब खुर्चीत मागे रेलले. ‘सिस्टर, फोटो ही तो है. कोई खून थोड़े ही हो गया.’

‘साहेब, रक्त पुसण्यात माझा जन्म गेला. खून झाला की नाही, ते मला ओळखता येतं.’

‘आप भावुक हो रही हैं.’

मी भावुक नव्हते. संतापले होते. बाई संतापली की तिला भावुक म्हणायचं, म्हणजे तिचं ऐकावं लागत नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. शस्त्रक्रियेत त्यांचा हात सोन्याचा होता. पण कुणी मोठं आलं की त्यांची पाठ आपोआप वाकायची. त्यांनी कारवाई केली, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. वॉर्डात बाहेरच्या व्यक्तींचा वावर वाढल्यामुळे गैरप्रकार होत आहेत, सबब नातेवाइकांखेरीज कुणालाही प्रवेश नाही, तोही फक्त भेटीच्या वेळात. बाहेरची व्यक्ती म्हणजे कोण? भैया? छे! सुगंधाबाई. आणि वरिष्ठांशी उद्धटपणे बोलल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागितला. मी खुलासा दिला नाही. आजपर्यंत दिलेला नाही.

त्या दुपारी मी गणवेशातच भैयाच्या कार्यालयात गेले. त्यानं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. पोरगा सभ्य होता, त्यानं मला जास्तच राग आला. गुंड असता तर सोपं होतं.

‘सिस्टर मैडम, हम तो सेवा ही कर रहे थे,’ तो म्हणाला.

‘कुणाची?’

मी घडलेलं सगळं सांगितलं. सुई, जिना, भाऊ. त्याचा चेहरा उतरला. त्यानं माझ्यासमोर मोबाईल काढून फोटो काढून टाकला, पोरांनाही फोन करून काढायला लावला. पण लोकांच्या हातात गेलेला तो कसा काढणार? मी म्हटलं, ‘सेवा करायचीय ना? पुरुषांच्या वॉर्डात एक आजोबा आहेत, त्यांच्याकडे कुणी येत नाही. उद्या या. एकटे या. मोबाईल घरी ठेवा. अर्धा तास बसा नुसते.’

‘बैठ के क्या करना है?’

‘काहीच नाही. बसायचं.’

‘आता हूँ, मैडम,’ तो म्हणाला. आला नाही. आजोबा पुढच्या आठवड्यात गेले. टोपल्या घेऊन तो पुढच्या वाढदिवसाला मात्र आला. वॉर्डाच्या दारातच मी सगळ्यांचे मोबाईल एका बादलीत ठेवायला लावले, तेव्हा निम्मी पोरं तिथूनच परत गेली.

पण मी सुगंधाबाईचं सांगत होते. हुकूम झाल्यावर मला वाटलं, संपलं. सरिता पुन्हा भिंतीकडे वळली होती. तिच्याजवळ आया आणि मी आळीपाळीनं बसत होतो, पण वॉर्डभर बाया, आम्ही किती पुरणार? चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली, तसा रखवालदाराचा आवाज आला, ‘किसकी रिश्तेदार हो?’

‘सरिताची मावशी,’ सुगंधाबाई म्हणाली आणि आत आली.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तिच्या वस्तीतल्या आणखी दोघी. तिसऱ्या दिवशी पाच. एक डबा घेऊन, एक लसूण सोलायला घेऊन, एक नुसतीच. रखवालदारानं माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावला. ‘सिस्टर, इस लड़की की कितनी मौसियाँ हैं?’

‘मोजू नका,’ मी म्हटलं. ‘येतील तेवढ्या सोडा.’

त्या बाया पलंगाभोवती पाठ करून बसायच्या. बाहेरून बघायला आलेल्यांना फक्त पाठी दिसायच्या, पोरगी दिसायची नाही. कुणी ‘कौन है, क्या हुआ’ विचारलंच तर एक बाई वळून म्हणायची, ‘माही भाची हाय. तुले काय पाह्यजे?’ सरिताला त्यांनी कधीही विचारलं नाही, काहून केलं. त्या धानाबद्दल बोलायच्या, सुनांच्या चुगल्या करायच्या, खाणीच्या भोंग्याबद्दल, कुणाच्या बकरीनं कुणाची मेथी खाल्ली त्याबद्दल. एके दिवशी त्या बकरीच्या गोष्टीला भिंतीकडून बारीक हसू आलं. कुणी तिकडे वळून पाहिलं नाही. बकरीची गोष्ट फक्त जरा लांबवली.

मी घरी हे सांगितलं, तेव्हा यजमानांनी मला चिडवलं. ‘तुझ्या आईचा हिशोब लाव. साठ बाया आल्या तर पोरगी ठणठणीत झाली पाहिजे.’ गंमत अशी, की हा प्रश्न आमच्या जुन्या ज्ञानी लोकांनीही विचारला होता, आणि उत्तरही देऊन ठेवलं आहे. पहिला माणूस साठावा हिस्सा नेतो, दुसरा उरलेल्याचा साठावा, तिसरा त्यातून उरलेल्याचा. म्हणजे कितीही माणसं आली तरी थोडं दुखणं शिल्लक राहतंच. ते ज्याचं त्यानंच उचलायचं असतं. पण तेवढं उचलता येण्याइतकं हलकं करून देणं, हे बाकीच्यांचं काम आहे. आणि एक मित्स्वा दुसऱ्या मित्स्वाला ओढून आणतो, असंही आमच्यात म्हणतात. एक बाई आली, तिनं पाच आणल्या. लहान कामाचं बळ हे असं असतं. ते मोठं होत नाही, दुसऱ्याच्या हातात जातं.

सुगंधाबाईला मी एकदा हे सगळं सांगून पाहिलं. देव, आज्ञा, साठावा हिस्सा. तिनं ऐकून घेतलं. ‘सिस्टर, आमच्यात देवबिव नाही,’ ती म्हणाली. ‘करुना म्हंतात आमच्यात. पन तुमच्या देवाले म्हना, हिसाब चांगला काढला.’

सीनाय पर्वताशी देवाच्या आज्ञा मिळाल्या तेव्हा आमचे पूर्वज देवाला म्हणाले होते, आधी करू, मग समजून घेऊ. मी जन्मानं त्यांच्यातली. पण आधी करणं म्हणजे काय, ते मी या बाईकडे बघून शिकले. आणि अशा बाईला आमच्या दवाखान्यानं बाहेरची व्यक्ती ठरवलं होतं!

शेवटी सरिताची आई आली. इतके दिवस घरच्यांनी तिला निघू दिलं नव्हतं. ती दारातून आत आली तर पलंगाभोवती अनोळखी बायांच्या पाठी. ती घाबरली. सुगंधाबाई उठली, तिनं आपली जागा तिला दिली आणि बाकीच्यांना डोळ्यांनी खुणावलं. सगळ्या मावश्या उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या. आई पलंगावर बसली आणि लेकीच्या तळव्यांवरून हात फिरवत राहिली. ठरलं असं, की गावी जायचं नाही. मामाकडे जायचं, तिरोडीकडे. मामा-मामी भले होते.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी मी दोघींना खालच्या दारापर्यंत सोडायला गेले. सरिता हडकली होती, पण चालत होती. अंगावर मामीनं पाठवलेला नवा सलवार-कुर्ता, पिवळी ओढणी. ऑटो समोर उभा होता. तेवढ्यात रुग्णवाहिका आली आणि मागचं दार उघडलं. आत एक बाई, चाळिशीची असेल, तोंडाला फेस, अंगावरचं लुगडं सुटलेलं, पोलकं फाटलेलं. विषाचा तोच वास. मी तो वास कुठेही ओळखते. स्ट्रेचर खाली उतरेपर्यंत फाटकावरच्या चहाच्या टपरीवरची गर्दी धावत आली, आणि दहाबारा मोबाईल वर झाले.

मी ओरडले, ‘हटा! लाज नाही वाटत?’ वॉर्डबॉय ओरडला. कोण ऐकतं?

सरितानं हातातली पिशवी आईजवळ दिली. गळ्यातली ओढणी काढली, दोन्ही हातांनी पसरून धरली आणि स्ट्रेचर आणि मोबाईल यांच्या मधोमध आंतरपाटासारखी उभी केली. स्ट्रेचर चालायला लागलं तशी तीही बाजूनं चालायला लागली. एक माणूस पुढे येऊन मान वाकडी करून बघत होता. ‘ए लड़की, हट ना!’

‘नाही हटत.’

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पोरीचा हा आवाज होता. त्या माणसानं तिच्याकडेच मोबाईल वळवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहरा झाकला नाही. मग तोच ओशाळला आणि हात खाली घेतला.

अपघात विभागाच्या दाराशी तिनं ती ओढणी त्या बाईच्या अंगावर, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांघरली, कडेनं नीट खोचली आणि परत फिरली. आई ऑटोजवळ उभी होती.

‘ओढनी काहून देली व? नवीन होती. आता असीच जाशीन का बसमधी?’

‘तिले पाह्यजे होती,’ सरिता म्हणाली आणि ऑटोत बसली.

मला तिला निरोप द्यायला वेळ झाला नाही. आत पोट धुवायची तयारी करायची होती. मी दार आतून लावून घेतलं आणि हातमोजे चढवले.